घाबरलेला हात

जयसिंगपूरच्या ग्राहक भांडारात सकाळी अकराच्या सुमारास साबणांच्या मांडणीवरचा दिवा लाल झाला. व्यवस्थापक वैजयंती तोडकर हातातलं काम टाकून तिकडे धावली.

दुकानात ‘नाडीनेत्र’ बसवून दोन महिने झाले होते. छतातला हा डोळा माणसाच्या चेहऱ्यावरून लांबूनच नाडीचे ठोके मोजायचा. चोरी करणाऱ्याचं काळीज धडधडतं, म्हणून ठोके वाढले आणि हात चोरटा हलला की लाल दिवा लागायचा. एकाच माणसावर तीनदा लागला, की गावातल्या सगळ्या दुकानांची दारं त्याला बंद.

मांडणीपाशी निवृत्त पोस्टमन जिनगोंडा कुडचे उभे होते. त्यांच्यावर दिवा लागायची ही तिसरी वेळ.

“काका, पिशवी दाखवता?” वैजयंतीने संकोचत विचारलं.

पिशवी रिकामी होती. काका मात्र घामाने निथळत होते.

“मग करत काय होता?”

“परत ठेवत होतो. चंदनाचा साबण. काल हिनं नेलेला.”

वैजयंतीने कालचं चित्रण काढलं. कुडचेकाकूंनी साबण उचलला, हुंगला, कनवटीला लावला आणि रमतगमत बाहेर पडल्या. नाडी संथ. दिवा हिरवा.

“तिला विसरायचा आजार झालाय, पोरी,” काका म्हणाले. “आपण काही उचललं हेच तिला ठाऊक नसतं, मग भ्यायची कशाला? तुला सांगितलं असतं, तर चोरांच्या यादीत तिचं नाव लागलं असतं. माहेरचं गाव विसरली, लेकाचं नाव विसरली. तुमच्या दुकानाची वाट तेवढी राहिलीय. एकटी येते, एकटी परतते, आणि दिवसभर खुशीत असते. ती वाट बंद करू नकोस. नाव लावायचंच तर माझं लाव.”

वैजयंतीने यंत्रावर ‘इशारा चुकीचा’ अशी नोंद केली.

“उद्यापासून वस्तू माझ्या हातात आणून द्यायची,” ती म्हणाली. “लपतछपत नाही. काकूंना येऊ द्या.”

काकांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, एक कंगवा घेऊन निघाल्या. वैजयंतीने पुढे होऊन दार धरलं. काकूंनी तिच्या गालावर हात ठेवला.

“जेवलीस का गं?”

“जेवले, काकू. सावकाश जा.”

आठवड्याने कंपनीच्या तंत्रज्ञाचा फोन आला. “मॅडम, चित्रण तपासलं. तुमच्याकडून रोज एखादी वस्तू बाहेर जाते आणि यंत्र गप्प बसतं. उलट परत देणाऱ्याला त्याने चोर ठरवलं. बिघडलंय का ते?”

“नाही. भीती अगदी बिनचूक ओळखतं,” वैजयंती म्हणाली. “पण जो भितो तो चोरच, हे त्याला कुणी शिकवलं?”