सुझनीतलं कोरं पान

“काठोकाठ भरला! माझ्या घरात, माझ्या दस्तरखानावर, दारी आलेल्या बाईला पेला काठोकाठ भरून दिला!”

सलोमत बीबीनं दस्तरखानाच्या चादरीवरचा पेला उचलला, निम्मा चहा किटलीत परत ओतला आणि उरलेला पाहुणीपुढं सरकवला. मानाच्या माणसाला चहा घोट-घोट द्यायचा असतो. भरलेला पेला म्हणजे ऊठ आणि चालू लाग. बुखाऱ्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं. सून सनोबर खाली मान घालून उभी होती. ती आपल्या खोलीत गेली आणि आतून पडदा ओढल्याचा आवाज आला.

“उन्हाळ्यापासून हे असं चाललंय,” बीबी भाच्याला म्हणाली. “आमच्यात बसायचं नाही. पडद्याआड काय करते कोण जाणे. दर गुरुवारी बोचकं घेऊन कुंभारगल्लीला, माहेरी. घरात सगळे हिरवा चहा पितात, तरी काळ्या चहाचे चार पुडे कुठं जिरले, विचार तिला. नवरा चार वर्षं रशियात, म्हणून मी तोंड आवरते. पण पाहुण्याचा अपमान?”

“सुना असतातच अशा, अम्मा,” तुर्सून म्हणाला; आत्याला तो अम्माच म्हणे. तीस वर्षं त्यानं चौकात उभं राहून वाहतूक सांभाळली होती. समोरून येणारी गाडी त्याला दिसे, वळणावरून येणारी दिसत नसे.

बीबीला अक्षर येत नव्हतं. पण मोहल्ल्यात कुणाचं कडं हरवलं, कुणाची मेंढी, कुणाचा नवरा, की लोक आधी तिच्याकडे येत आणि मग पोलिसांकडे जात. तिचा डावा डोळा आता पार गढूळ झाला होता. तिची सुई पुढं चालवणारी एकटी सनोबरच उरली होती. पाठीमागच्या भिंतीवर बीबीची स्वतःची सुझनी, भरतकामाची चादर, टांगलेली होती. लाल फुलं, काळ्या वेली, आणि डावीकडे तिसऱ्या फांदीवर एक पान कोरंच ठेवलेलं. घरात लग्नाची पोर आहे तोवर शिवण पुरं करायचं नाही, एक पान सोडायचं. ज्या बाईनं सगळं भरून टाकलं, तिच्या हातचं आणि घरचं सगळंच संपलं, असं मानत. या घरात सनोबरची गुलरू लग्नाची होती.

पाहुणीनं चहाला हात लावला नव्हता. ही मावलुदा. कलाशाळेच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं पुस्तकं सांभाळणारी.

“बीबी, सुझनी रडायला लागलीय,” ती म्हणाली. “लाल रडतेय.”

“नीट सांग. रडून झाल्यावर सांग, पण नीट सांग.”

मावलुदानं सांगितलं. मार्चमध्ये ग्रंथालयात नव्या वस्तू आल्या, त्यात ओयपोशा म्हातारीनं दिलेली शंभर वर्षांची सुझनी होती. लहानशीच, पाळण्यावर टाकायची. सातव्या दिवशी म्हातारी वारली. पोरी तेव्हापासूनच कुजबुजायला लागल्या होत्या. आता या सोमवारी सकाळी दार उघडलं, तर फुलांमधून लाल ओघळ पांढऱ्या कापडावर उतरलेले. कुणी आत पाऊल टाकायला तयार नाही.

“संचालक म्हणतात, मी सुझनीखाली चहाचा समोवार उकळत ठेवते, त्याच्या वाफेनं सरकारी ठेवा बुडाला. शुक्रवारी सरकारी वकिलाकडे कागद जाणार. बीबी, समोवार वीस वर्षं तिथंच आहे! मला तुरुंगात घातलं तर माझ्या आईला भरवणार कोण?”

“मार्चमध्येही तिथंच होता?”

“तिथंच. वरच सुझनी.”

“तुर्सून, माझे जोडे आण,” बीबी म्हणाली.

*

ग्रंथालयात ओल्या चुन्याचा वास होता. बाहेर धुकं इतकं दाट की खिडक्या भिंतीसारख्या दिसत होत्या. झाडावर कावळे होते, पण ओरडत नव्हते.

सुझनी समोर टांगलेली होती. प्रत्येक लाल फुलाखाली ओघळ, काही बोटभर, काही वीतभर. तुर्सून दारातच थबकला.

“अम्मा, म्हातारी रडतेय हो यात.”

“म्हातारी मेली. मेलेली माणसं रडत नाहीत, जिवंत रडवतात.”

बीबीनं अंगठा थुंकीनं ओला केला आणि एका पाकळीवर घासला. अंगठा लाल झाला. मग तिनं कापडाची कड तुर्सूनच्या नाकाशी धरली.

“कसला वास?”

“चहाचा. खाली समोवार आहे ना.”

“आहे खरा.”

मग उजव्या डोळ्यानं ती सुझनी फांदीफांदीनं बघत गेली. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक पान कोरं होतं. डावीकडे तिसऱ्या फांदीवर आणखी एक, कडेला साखळी टाका घातलेलं पण पोट रिकामं. तिथं तिचं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं.

“सुझनी आली तेव्हाचा फोटो आहे का?”

मावलुदानं नोंदीचं कार्ड आणलं. बीबीनं ते तुर्सूनच्या हातात दिलं. “उजवीकडे खाली कोरं पान दिसतं?”

“दिसतं.”

“आणखी कुठं?”

तुर्सूननं कार्ड उजेडात धरून फिरवलं. “कुठं नाही. बाकी भरगच्च आहे.”

“आल्यापासून ही बाहेर गेली होती कधी?”

“एकदाच,” मावलुदा म्हणाली. “एप्रिलमध्ये आमच्या शाळेतले मास्तर, फर्रूह दोम्लांनी, इथंच पोरांकडून हिचा मापात माप नक्षा उतरवून घेतला. मग सप्टेंबरच्या शेवटी दहा दिवस घरी नेली, बारकाईनं अभ्यासायला. सहीनं नेली, सहीनं परत आणली.”

“दहा दिवसांत एवढं शिवण कुणाच्या बापाला होत नाही,” बीबी स्वतःशीच म्हणाली.

*

म्हातारीचा नातू शव्कत तंदूरवर होता. पीठ झटकतच बाहेर आला.

“मी काय चोर दिसतो का, बीबी? दोनदा गेलो ग्रंथालयात, दोनदा भांडलो, खरंय. आजीनं घरची वस्तू परक्यांना दिली, राग येणार नाही? पण हात लावला नाही. मला तर आता भीतीच वाटते. जाताना आजी म्हणाली होती, घराबाहेर गेली तर रडेल ती.”

“आजी ती धूत होती का कधी?”

“दर नवरोजला! वाहत्या पाण्यात, साबण लावून. मग छतावर वाळत घालायची.”

“लाल सुटायचं?”

“एक थेंब नाही. पांढरं पांढरंच राहायचं.”

बीबीनं त्याच्या भट्टीतली एक रोटी घेतली. त्यानं पैसे नको म्हटल्यावर त्याच्या आजीचं नाव घेऊन दुवा दिली आणि वाटेला लागली.

“हाच असणार,” तुर्सून म्हणाला. “राग आहे, वर शापाची गोष्टही हाच पसरवतोय.”

“तू चौकातच बरा होतास.”

फर्रूह दोम्ला कलाशाळेत कापडाचा इतिहास शिकवायचा. गोरापान, नखं स्वच्छ, खुर्ची स्वतः पुढं करणारा.

“बसा बीबी, बसा. मावलुदा ओपा मला मोठ्या बहिणीसारख्या, दया येते त्यांची. मी संचालकांना म्हटलंही, इतकं कडक होऊ नका. पण जुने रंग कच्चेच असतात हो. वाफ लागली, सुटले. त्यात नवल काय?”

“कच्चे असतात?”

“शंभर वर्षांपूर्वी पक्के रंग कुठून असणार?”

“खरंच की,” बीबी म्हणाली. “मी अडाणी. तुम्ही शिकलेले. सुझनी घरी नेलीत ती कुठं?”

“इथंच, कुंभारगल्लीत. अगदी सांभाळून.”

बीबी उठली. पायरीवर तिला तुर्सूनचा हात धरावा लागला. गेल्या दहा वर्षांत तिनं कुणाचा हात धरला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सनोबर बोचकं न घेताच माहेरी गेली होती. तुर्सून आला तेव्हा बीबीच्या मांडीवर सुनेची काचेची बरणी होती, धाग्याच्या तुकड्यांनी भरलेली.

“हे काय, अम्मा?”

“या घरात धाग्याचा तुकडा फेकायचा नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचा नाही. लग्न होऊन आली त्या दिवशी मी तिला पहिली शिस्त लावली ती ही. बघ, पाळलीय.”

“मग चांगलंच की.”

“हो ना,” बीबी म्हणाली. “चांगलंच.”

तिनं त्या दिवशी काही खाल्लं नाही.

*

शुक्रवारी ग्रंथालयात संचालक टेबलामागं बसले होते. पुढं कागद, कागदावर पेन. मावलुदा भिंतीशी. शव्कत दाराशी. फर्रूह दोम्ला पाय दुमडून खुर्चीत. बीबी आली तुर्सूनला घेऊन, आणि मागं हातात कापडी गाठोडं घेतलेली सनोबर. कशाला चाललोय हे बीबीनं तिला सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

“सही करू का?” संचालकांनी विचारलं.

“करा, पण माझं झाल्यावर. मला एका गोष्टीचं उत्तर द्या. समोवार मार्चमध्ये इथंच, सुझनी इथंच. सप्टेंबरपर्यंत वाफ खाऊन ती हसत होती. ऑक्टोबरनंतर तीच वाफ खाऊन रडायला लागली. का?”

बीबी दाराकडे वळली.

“शव्कत, तुझी आजी ही साबणानं धुवायची?”

“दर नवरोजला.”

“ऐकलंत? शंभर नवरोज धुतलेलं लाल वाफेनं सुटत नाही. जुन्या बायका मंजिष्ठ मुरवून मुरवून रंगवायच्या. हे मला अडाणीला ठाऊक आहे, आणि कापडाचा इतिहास शिकवणारा दोम्ला म्हणतो, जुने रंग कच्चे असतात. ठाऊक नाही म्हणून म्हणतो, की ठाऊक आहे म्हणून?”

फर्रूहनं पाय खाली घेतले.

“भिंतीवर आहे ती ओयपोशाची सुझनी नाहीच. नक्कल आहे. नवं कापड काळ्या चहात बुडवून जुनं केलं, मग बाजारच्या धाग्यानं शिवलं. कडेला अजून चहाचा वास येतो. समोवारचा वास कापडाच्या आत कसा मुरेल, तुर्सून?”

तुर्सूननं कापडाची कड पुन्हा हुंगली.

“दहा दिवसांत नक्कल होत नाही,” फर्रूह शांतपणे म्हणाला. “तुम्हालाही माहीत आहे.”

“सहा महिन्यांत होते. नक्षा तुम्ही एप्रिलमध्येच उतरवून घेतला होता. सप्टेंबरमध्ये नक्कल तयार झाली, तेव्हा अस्सल घरी नेली आणि नक्कल आणून टांगलीत. ती बाहेर गेली फक्त तुमच्या सहीनं.”

“पुरावा काय? फोटोत आणि यात एका टाक्याचा फरक दाखवा!”

“एका पानाचा दाखवते.” बीबीनं कार्ड संचालकांपुढं ठेवलं. “फोटोत कोरं पान एक. भिंतीवर कोरी पानं दोन. उजवं ओयपोशाच्या घरचं. नकलणाऱ्या बाईनं तेही इमानानं नकललं. पण दुसरीनं सोडलेलं पान आपल्या उपयोगी पडत नाही. तिच्याही घरात लग्नाची पोर आहे. सगळं भरून पुरं करायला तिचा हात धजला नाही. म्हणून तिनं स्वतःचं एक पान सोडलं. डावीकडे, तिसऱ्या फांदीवर. साखळी घालून, पोट रिकामं ठेवून. बुखाऱ्यात प्रत्येक घराची पान सोडायची जागा वेगळी असते. ही जागा कुणाची, ते तुर्सूनला विचारा. लहानपणापासून तो त्या सुझनीखाली बसून माझा चहा पितोय.”

हळूहळू तुर्सूनची नजर सनोबरकडे वळली.

“अम्मा... नको.”

“सनोबर, गाठोडं सोड.”

गाठोड्यात धाग्यांची बरणी आणि रोटीचं पांढरं फडकं होतं. बीबीनं लाल तुकड्यांची चिमूट काढली, टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात भिजवली आणि त्या फडक्यावर दाबली. हात उचलला तेव्हा फडक्यावर तसाच ओघळ उतरत होता.

मावलुदानं तोंडावर हात नेला.

“त्यांनी सांगितलं, नक्कल टांगायची, अस्सल लोखंडी कपाटात जपायची,” फर्रूहकडे बघत सनोबर म्हणाली. “धागा त्यांनीच दिला. गुलरूला या शाळेत घेतो म्हणाले. तुमची नात, बीबी! तिचा हात चांगला आहे. मग शेवटच्या गुरुवारी त्यांच्या घरी अस्सल दिसली. गाद्यांच्या चळतीत, खालून दुसरी. तेव्हा कळलं. पण तेव्हा शिवून झालं होतं.”

“खोटं बोलतेय ही!” फर्रूह उठला. शव्कत दारातून हलला नाही.

संचालकांनी पेनाचं टोपण लावलं आणि तुर्सूनला आपल्या गाडीची किल्ली दिली. तासाभरानं तो परतला. अस्सल सुझनी लहान पोर घ्यावं तशी त्यानं छातीशी धरली होती. शव्कतनं ती हातात घेतली, कडेला तोंड लावलं आणि तो हुंदके द्यायला लागला. फर्रूह पोलिसांच्या गाडीत बसला तेव्हा धुक्यात कावळे पहिल्यांदा ओरडले. मावलुदा समोवारपाशी गेली आणि उगाचच तो पुसत राहिली.

सनोबर खोलीच्या मधोमध उभी होती.

बीबीनं भिंतीवरून नक्कल उतरवली आणि टेबलावर पसरली. आपल्या पदराला टोचलेली सुई काढली. तीस वर्षांची, घासून पातळ झालेली. ती सनोबरपुढं धरली.

“चहाचे पुडे मी माफ करते. पडदा माफ करते. पोरीसाठी फसलीस, तेही माफ करते. पण ही बाई माझ्या दस्तरखानावर तुरुंगाच्या भीतीनं रडत होती, तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू तिला पेला काठोकाठ भरून दिलास. बस इथं. सुई घे, आणि ते तिसऱ्या फांदीवरचं पान भर. सगळ्यांसमोर, शेवटच्या टाक्यापर्यंत. माझ्या घरचं शिवण इथं संपलं.”