उलटी बरणी

कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून काचेच्या बरण्या येत होत्या... एकामागून एक, सगळ्या सारख्याच. आणि मध्येच एक आली — डोक्यावर उभी!

मी दचकले. शेजारच्या स्टुलावर बसून तो बरण्यांचे तळ तपासत होता, अगदी साळसूदपणे.

"तुम्ही केलंत हे?"

"तुमचे डोळे मिटत होते," तो पुटपुटला. "तडा गेलेली बरणी सुटली, तर बाई घरी पाठवतील."

एकसुरी काम बायकांनीच करावं, असं आमच्या सुपरवायझरबाईंचं ठाम मत. "पुरुषांचा जीव उबगतो. आपल्याला कुठला आलाय कंटाळा?" रांगेत तो एकटाच पुरुष; मशीनवरची पोरं त्याला 'मावशी' म्हणायची. तो हसायचा. कंटाळा त्याला ठाऊकच नव्हता! आणि मला? तासाभरात जीव नकोसा व्हायचा. "ही कशातच टिकत नाही," आई म्हणायची. नोकरी गेली असती, तर पुन्हा तेच ऐकावं लागलं असतं.

मग रोज एक उलटी बरणी येऊ लागली. कधी येईल, या ओढीने मी टक्क जागी.

"मला तुमचाही कंटाळा आला तर?" एकदा मी हसत विचारलं.

त्याने पुढची बरणी उचलून तिचा तळ पाहिला.

त्या दिवशी त्याच्याकडेच बघताना तडा गेलेली बरणी सुटली. बाईंनी पकडली. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, मला कंटाळा येतो. मशीनदुरुस्तीला पाठवा ना!"

"बाई असून?"

"हो... बाई असून."

"आठवडाभर बघते. नाही जमलं, तर दार उघडंच आहे."

त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या इमारतीत, हात ग्रीसने काळे. प्रत्येक मशीनचं दुखणं वेगळं! कंटाळा कुठल्या कुठे पळाला. पण जीव टांगणीला — त्याला वाटलं असेल, हिला माझाही कंटाळा आला...

पहिल्याच दिवशी सुटल्यावर गेटपाशी तो उभा होता.

"काय हो, मावशी?" मीच आधी बोलले.

"दिवस सरता सरेना. सारखं घड्याळाकडे लक्ष. बरं नाही की काय, कळेना. शेवटी शेजारच्या स्टुलावरच्या काकू म्हणाल्या, अरे, याला कंटाळा म्हणतात."

मी हसले, आणि डोळे भरून आले. "आणि मला... तुझा आला तर?"

"तर मी डोक्यावर उभा राहीन."

त्याने खरंच पिशवी खाली ठेवली! मी घाईघाईने त्याचा हात धरला. ग्रीस लागलं... कुणीच पुसलं नाही.