श्रेय कुठलं, प्रेय कुठलं

स्पर्धा परीक्षेचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता आणि पूर्णिमा पहिल्यावरच शिरली. उशीर झाला होता, छत्री गळत होती. मागच्या बाकावर बसून तिनं वही उघडली, तेव्हा कुठं लक्षात आलं... फळ्यावर राज्यघटना नव्हती, संस्कृत श्लोक होता.

शेजारच्या तरुणानं आपलं पुस्तक हळूच तिच्याकडं सरकवलं. "उपनिषदाचा तास हाय, पावणं. आता उठला तर बाई रागवतील."

क्रांतीबाई कुणावरच रागवत नसत, हे तिला तास संपल्यावर कळलं.

तो ऋतुराज, शिरोळचा. वडिलांना वर्षापूर्वी अर्धांगवायू झालेला. त्यांना उपनिषदं ऐकायची होती, पण घराबाहेर पडणं बंद. म्हणून हा दर रविवारी कोल्हापूरला येऊन तास ऐकायचा आणि संध्याकाळी त्यांना सांगायचा. पूर्णिमा मुरगूडची, कसबा बावड्यातल्या औषधाच्या दुकानात कामाला. पुढच्या रविवारी ती पुन्हा पहिल्या मजल्यावरच थांबली. या वेळी चुकून नाही.

बाई सांगत होत्या, माणसापुढं दोन्ही येतात, श्रेय आणि प्रेय. एक हिताचं, एक आवडीचं. शहाणा माणूस निरखून हिताचं निवडतो. ऋतुराजनं तिच्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'चहा हे प्रेय. तुमच्यासंगं चहा — ?'

तिनं खाली लिहिलं, 'निरखावं लागेल.'

निरखता निरखता दोन महिने गेले. मग मुरगूडहून वडिलांचा फोन आला. पुण्याचं स्थळ, मुलगा इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, सगळ्यांना पसंत. पंधरा दिवसांत उत्तर हवं होतं. पूर्णिमाचा गोंधळ उडाला. पुण्याचा हिताचा, ऋतुराज नुसता आवडीचा... मग शहाण्यानं काय करायचं ते उघडच होतं. तरी तिनं घरी होकार कळवला नाही.

तिनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, आवडतं म्हणून ते अहिताचं, असं उपनिषद म्हणत नाही. निरखून बघ म्हणतं, आणि ते ज्याचं त्यानंच करायचं असतं. पूर्णिमा आणखीच गोंधळली.

त्या रविवारी ऋतुराज आला नाही. पुढच्याही नाही. शिरोळला पुराचं पाणी चढलं होतं आणि त्याचा फोन लागत नव्हता. सोमवारी त्याचाच आला. वडील आणि म्हशी घेऊन तो बावड्यात आत्याकडं आला होता. त्याचे चुकलेले दोन तास तिनं वहीत उतरवले होते. ती वही घेऊन पूर्णिमा गेली.

आत्याच्या गोठ्यालगत खाटेवर त्याचे वडील पडून होते. तिनं स्टूल ओढून दोन्ही तास अडखळत सांगितले. ऋतुराज वैरणीची पाटी घेऊन दारात उभा राहिला.

वडिलांनी वाकड्या ओठांनी सावकाश विचारलं, "आन... तू काय निवडलंस, पोरी?"

त्यांनी धड्याबद्दल विचारलं असेल. तिला मात्र राहवलं नाही.

"मला ठरवता येईना, मामा. पुण्याचं स्थळ आलंय. त्यात सगळं हिताचं हाय. पर मी... मी हितं बसलीय."

वडिलांनी डोळे मिटले. हसले की काय, कळलं नाही.

ऋतुराजनं पाटी खाली ठेवली. "सोडायचं तर सोडा मला. पर नुसता आवडतो म्हणून सोडू नका. मी बापाला न्हाऊ घालतो, धारा काढतो. आन रविवारी तुम्ही येताना दिसावं म्हणून आधीच जिन्यात येऊन थांबतो. नीट बघा, मग काय ते सांगा."

तिनं बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखल, उसवलेली बाही, दोन रात्री न झोपलेले डोळे. श्रेय कुठलं आणि प्रेय कुठलं, ते तिला अजूनही सांगता आलं नसतं. तिथंच उभं राहून तिनं मुरगूडला आपल्या वडिलांना फोन लावला आणि पुण्याला नकार कळवायला सांगितलं. त्यांनी तीनदा कारण विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, एक जण तुम्हाला भेटायला येणार आहे.

फोन ठेवला तेव्हा तिचे गाल तापले होते. ऋतुराज म्हणाला, शिरोळचं पाणी उतरलं, घर धुऊन काढलं, की आठवड्याभरात येतो.

"मुरगूडचा रस्ता तर आजबी चालू हाय की," पूर्णिमा म्हणाली.