जयपूरचा करंडक आणि तुरीच्या शेंगा

करंडक जागेवर नव्हता.

काचेचं कपाट बंद होतं. कुलूप शाबूत होतं. आतल्या लाल मखमलीवर बुडाचा गोल वण तेवढा उरला होता. जयपूरच्या मूट कोर्ट स्पर्धेत देशभरातल्या कॉलेजांना पाणी पाजून आणलेला तो पितळी करंडक कुणीतरी अलगद उचलून नेला होता. आणि आज दुपारी तो जिंकून आणणाऱ्यांच्या सत्काराला निवृत्त न्यायमूर्ती येणार होते.

"मॅडम, सरांनी तुमाले बोलावलं," शिपाई ताराचंदनं चारुशीलेला फाटकातच गाठलं. "भल्ले तापले हायेत. करंडक चोरीले गेला ना!"

खोटं कशाला बोला, ते ऐकून चारुशीला ढोबळेला आधी बरंच वाटलं. गेली कित्येक वर्षं या विधी विद्यालयात मूट म्हणजे ती शिकवणारी मिनल आणि मिनल म्हणजे मूट. खोटा खटला, खोटे पक्षकार, पण फ्लेक्स मात्र खरे, फाटकापासून कॅन्टीनपर्यंत. चारुशीला विधी सेवा केंद्र चालवायची. तिथले खटले खरे, माणसं खरी, पण केंद्राला जागा मिळाली ती जिन्याखालची. मिनलचा फोटो दिसला की तिच्या पोटात दुखायचं, आणि ते ती लपवायचीही नाही. "एका पितळेच्या भांड्यापायी कॉलेज डोक्यावर घेतलं," हे तिचं वाक्य स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ होतं.

बरं वाटणं फाटकापासून संचालकांच्या खोलीपर्यंतच टिकलं. कारण काल संध्याकाळी त्या कपाटासमोर शेवटी कोण उभं होतं, हे तिला चांगलं आठवत होतं. ती स्वतःच.

काल ती काटोलकडच्या एका खेड्यात एकटीच गेली होती, धोंडबाकडं. त्याच्या शेताची पांदण शेजाऱ्यानं काटेरी कुंपण घालून बंद केली होती. बैलगाडी जायला वाट नाही, पीक डोक्यावर वाहून आणायचं. केंद्रानं तहसीलदारांपर्यंत भांडून ती पांदण मोकळी करून घेतली. आनंदाच्या भरात म्हाताऱ्यानं चारुशीलेचा काळा कोट मागून अंगात चढवला आणि "आता मीच वकील" म्हणत खदाखदा हसला. तिनं फोटो काढला. परतताना शहरात बर्डीच्या बाजारात उतरून प्रिंट घेतला, केंद्राच्या भिंतीवर चिकटवला आणि खोलीला कुलूप घातलं. मग घरी जायचं सोडून पाय मूटच्या हॉलकडं वळले. आमच्या पांदणीला असं कपाट कधी मिळेल, असं मनात म्हणत ती त्या करंडकाकडं पाहत उभी राहिली, आणि चौकीदारानं ते पाहिलं.

"काल तुम्ही हॉलमध्ये काय करत होता?" संचालक डॉ. बाबाराव यांनी 'बसा' असंसुद्धा म्हटलं नाही.

"पाहत होते."

"काय?"

"करंडक. बाकी आहे काय तिथं?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत मिनल बसली होती. डोळे लाल, ओढणीचं टोक मुठीत. तिनं मान वर केली नाही.

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"एक मिनलकडं, दुसरी ऑफिसच्या बोर्डावर," चारुशीला म्हणाली. "बोर्डावर तर सगळ्याच खोल्यांच्या किल्ल्या असतात, सर. माझ्या केंद्राचीसुद्धा. संध्याकाळी कोणीही घ्यावी आणि लटकवावी."

बाबारावांनी चष्मा काढला. "हे पाहा. न्यायमूर्ती साहेबांनी काल दुपारी कळवलं, आधी विधी सेवा केंद्र पाहणार, त्या धोंडबाला भेटणार. त्याला काल रात्री निरोपही धाडला. मग जमलं तर सत्कार. मिनल मॅडमनी बिचाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिका पुन्हा छापून घेतली. तुम्हाला आज सांगणारच होतो. आणि आज हे! करंडक सापडला नाही तर मी केंद्राला कुलूप लावतो आणि तुमच्यावर चौकशी बसवतो. साहेबांना काय तोंड दाखवू?"

केंद्र बंद म्हणजे बाकावर फायली धरून बसणारी ती सगळी माणसं परत रस्त्यावर.

"साहेब येईपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "मीच शोधते."

"चोर शोधायले तुम्हीच?"

"मत्सर कसा चालतो ते या कॉलेजात माझ्याइतकं कोणाले माहीत आहे, सर?"

बाहेर व्हरांड्यात मिनल तिच्या मागून आली. "तुले काय फरक पडते वं?" तिचा आवाज चिरकला. "तुझा तो म्हातारा काळा कोट घालून हसून राहिला, त्यालेच पाहायले येऊन राहिले सगळे. आमचं एक भांडं होतं, तेही गेलं. झालं तुझ्या मनासारखं?"

'भांडं' हा आपलाच शब्द तिच्या तोंडून ऐकून चारुशीला इतकी भडकली की काही न बोलता तरातरा निघून गेली.

तिनं आधी मूटच्या पोरांना गाठलं. प्रीती आणि अनिश हे दोघं बोलणारे वक्ते, आणि संघपाल त्यांचा संशोधक. मुद्दे शोधायचे त्यानं, बोलायचं यांनी. संघपाल एरवी तिच्याच केंद्रात बसायचा.

"जयपूरले कसं होतं?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"टेन्शन!" प्रीती म्हणाली. "कॉलेजचं नाव जजले दिसलं की टीम बाद. आम्ही फक्त टीम नंबर. पाण्याच्या बाटलीवरचं नावसुद्धा झाकून ठेवलं होतं. मिनल मॅडम स्वतः एकेकाचं सामान तपासत होत्या."

"करंडकाच्या पट्टीवर नावं कोणाची?"

"आमची दोघांची," अनिश खाली पाहत म्हणाला. "वक्त्यांचीच टाकतात."

"संघपाल, वाईट वाटते का?"

"वाटते ना, मॅडम. काहून नाही वाटणार?" संघपाल सरळ बोलला. "पण मी काल दुपारपासून तिकडं बेसा गावाले मावशीकडं होतो. आताच येऊन राहिलो."

तेवढ्यात व्हरांड्यात आरडाओरडा झाला. बाबारावांनी सगळ्या खोल्या तपासायला सांगितल्या होत्या आणि ताराचंद केंद्रापर्यंत पोचला होता. चारुशीला धावत गेली तेव्हा बॅनर ठेवायची लोखंडी ट्रंक उघडी होती. ताराचंदच्या हातात तागाची पिशवी होती आणि पिशवीतून करंडकाचा पितळी कान बाहेर आला होता.

सगळे चारुशीलेकडं वळले.

"पिशवी आपल्याच कॉलेजची," बाबाराव म्हणाले. "गेल्या परिषदेत सगळ्यांना वाटलेली. आणि कॉलेजच्या नावावर टेप चिकटवलेली! नाव झाकलं म्हणजे लपवायचंच होतं. मॅडम, आता काय बोलता?"

चारुशीला पिशवीजवळ गेली. खाकी टेप. कडा उचकटलेल्या, गोंदावर धूळ बसून काळी पडलेली. तिनं नखानं एक कड उचलून पाहिली. मग तिची नजर भिंतीकडं गेली. धोंडबा काळा कोट घालून हसत होता.

ती ताराचंदकडं वळली.

"ताराचंदभाऊ, आज सकाळपासून ही खोली कोणी उघडली?"

"कोणीच नाही, मॅडम. ऑफिस उघडल्यापासून मी बोर्डाजवळच बसून होतो, तुमाले बोलवाले गेलो तेव्हा कुलूप लावून गेलो. किल्ली आता मीच काढली."

"सर," चारुशीला म्हणाली, "सगळ्यांना मूटच्या हॉलमध्ये बोलवा. मिनललासुद्धा."

हॉलमध्ये न्यायाधीशांच्या उंच खुर्च्या रिकाम्या होत्या. चारुशीलेनं करंडक वकिलांच्या टेबलावर ठेवला आणि पिशवी त्याच्या शेजारी.

"चोराला हा करंडक नकोच होता," तिनं सुरुवात केली. "हवा असता तर फाटकाबाहेर गेला असता. तो माझ्या ट्रंकेत ठेवला, कारण तो तिथंच सापडायला हवा होता. माझी जळजळ जगजाहीर आहे. माझ्यावर आळ घ्यायला कोणाला पुरावाही लागला नसता."

"हे तुम्ही म्हणताय," बाबाराव पुटपुटले.

"पिशवी काय म्हणते ते ऐका. अशी पिशवी इथं घरोघरी आहे. मग कॉलेजमधल्या माणसांपासून कॉलेजचंच नाव लपवून कोणाला काय मिळणार? आणि टेप कालची नाही, सर. कडा पाहा, किती मळल्यात. ती कधीतरी वेगळ्याच कामासाठी लावलेली, आणि काढायची राहिलेली. प्रीती, कॉलेजचं नाव झाकून सामान कोण नेतं?"

प्रीतीचे डोळे मोठे झाले. "आम्ही. जयपूरले."

"चोरानं घाईत हाताला आली ती पिशवी घेतली. टेप इतकी सवयीची झालेली की ती दिसलीच नाही. जयपूरला गेले चौघं. तीन पोरं आणि एक शिक्षिका."

"म्हणजे संघपाल!" मिनल ताडकन उठली. "पट्टीवर त्याचं नाव नाही. आणि तो तुझ्याच केंद्रात बसतो, त्याले ट्रंक माहीत आहे!"

संघपालचा चेहरा पडला. चारुशीलेनं त्याला हातानंच थांबवलं.

"मिनल, एकच विचारते. सकाळी व्हरांड्यात तू मला म्हणालीस, तुझा म्हातारा काळा कोट घालून हसून राहिला. कोणता म्हातारा?"

"तो तुझा धोंडबा. दुसरा कोण?"

"कोट घातलेला कुठं पाहिलास?"

"तुझ्याच भिंतीवर. फोटोत."

"केव्हा?"

मिनलनं ओढणीचं टोक पुन्हा मुठीत धरलं.

"धोंडबानं कोट घातला काल, त्याच्या शेतात. तिथं मी होते, तो होता आणि त्याची बायको रुखमाबाई. फोटो मी काल संध्याकाळी भिंतीवर चिकटवला आणि खोली बंद केली. आज ती खोली करंडक सापडताना पहिल्यांदा उघडली. पण तू तर सकाळीच, करंडक सापडायच्या आधी, माझ्याशी कोटाबद्दल बोललीस. म्हणजे काल मी गेल्यावर तू बोर्डावरची किल्ली घेऊन त्या खोलीत गेलीस. करंडक ट्रंकेत ठेवून निघून जायचं होतं. पण भिंतीकडं पाहिल्याशिवाय तुला राहवलं नाही. मलाही राहवलं नसतं. मी नाही का तुझ्या कपाटासमोर उभी राहिले?"

प्रीती आणि अनिशनं एकदम मिनलकडं वळून पाहिलं.

"पण काहून?" बाबारावांनी खुर्चीचा आधार घेतला. "मॅडम, करंडक तर तुमचाच!"

"कार्यक्रमपत्रिका, सर," चारुशीला म्हणाली. "काल दुपारी ती तुम्ही तिलाच बदलायला लावली. आधी केंद्र, मग जमलं तर सत्कार."

मिनल मटकन खाली बसली. रडली नाही. बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी सपाट होता.

"जमलं तर! दरवर्षी पोरं तयार करते, वर्षभर घसा फोडते. पोरं जिंकतात आणि दिल्लीले निघून जातात. फोनसुद्धा करत नाहीत. आणि हिच्याकडं? बाया लेकरं घेऊन येतात, म्हातारे पाया पडतात. जिन्याखालची खोली, पण सदा भरलेली. माझ्या हॉलमध्ये स्पर्धा संपली की कुत्रं फिरकत नाही. मी रोज त्या जिन्याजवळून जाताना मुद्दाम हळू चालते, माहीत आहे? आत काय चाललं ते ऐकायले. एक करंडक होता माझ्याजवळ, सर. त्याच्याही आधी तो म्हातारा!"

आता कीव यायला हवी होती, हे चारुशीलेला कळत होतं. पण तिला झाला तो आनंद, अगदी लख्ख आनंद. इतकी वर्षं जिच्यावर आपण जळलो ती आपल्यावर जळत होती! मग तिला संघपालचा पडलेला चेहरा दिसला आणि त्या आनंदाची तिची तिलाच लाज वाटली.

"चौकशी बसेल," बाबाराव म्हणाले. "मॅडम, आज तुम्ही मंचावर नाही. आणि चारुशीला मॅडम, मी तुमची..."

"माफी स्टाफरूममध्ये मागा, सर. सगळ्यांसमोर. आणि पट्टीवर संघपालचं नाव घाला."

बाबारावांनी मान डोलावली. तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला.

"इथंच हायेत का आमच्या वकीलबाई? ते साहेब आले नाही ना अजून?"

धोंडबा होता. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी, कवेत हिरव्या तुरीच्या शेंगांचा भारा. पांदणीतून बैलगाडीनं आलेला पहिला माल. त्याला इथल्या कशाचा पत्ता नव्हता. तो थेट आत आला आणि वाटेतल्या खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या मिनलपाशी थांबला.

"ह्या बी मास्तरीणबाईच का?"

चारुशीलाच म्हणाली, "हाव, बाबा. लय हुशार आहे. पोरांना बोलायला तीच शिकवते."

"मंग इनंच शिकवलं म्हना आमच्यासाठी भांडायले!" म्हाताऱ्यानं आपल्या परीनं हिशेब लावला, भाऱ्यातल्या टचटचीत शेंगा दोन्ही हातांनी काढल्या आणि मिनलच्या ओटीत घातल्या. "घे वं माय. उकडून खाजो. मीठ टाकून."

मिनलनं शेंगा घट्ट धरल्या. आता मात्र तिला रडू फुटलं, पोरांसमोर, संचालकांसमोर, हमसून हमसून.

बाबाराव खिडकीकडं पाहायला लागले. संघपालनं पाण्याची बाटली पुढं केली. चारुशीला उभी होती तिथंच उभी राहिली. धोंडबानं उरलेला भारा तिच्या हातात दिला, तसा तो तिनं आधी हातानं जोखून पाहिला. मग मिनलच्या ओटीकडं पाहिलं. चांगल्या भरलेल्या शेंगा तिकडंच गेल्या होत्या, आणि तिच्या पोटात पुन्हा तेच जुनं दुखायला लागलं.