तिसरी काडी

वाइनच्या बाटल्यांची बुचं विकण्यात माझी उभी हयात गेली. शाळा अर्धवट सुटली, पण नाक शाबूत होतं, आणि ह्या धंद्यात पदवीपेक्षा नाक कामाला येतं. पोत्यातली मूठभर बुचं नाकाशी नेली की त्यातलं कुबट कुठलं, ते मी डोळे मिटून सांगत असे. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षांच्या खोऱ्यांतून माझी गाडी अखंड फिरत असायची, आणि फिरणाऱ्याला पाठ टेकायला जागा लागतेच. त्यामुळे बुचांच्या खालोखाल मला पारख आहे ती मुक्कामाच्या जागांची.

लोडाय गावात एक बाई कोंबड्यांच्या खुराड्यावरची खोली द्यायची. तिथे कोंबड्यांच्या आधी तिच्या शिंकांनीच जाग यायची. सेंट हेलेनात एका म्हाताऱ्याने मला भल्यामोठ्या रिकाम्या पिंपात गादी घालून दिली. सकाळी घरी फोन करून सांगितलं, तर बायको म्हणाली, ‘‘पिंपात झोपलास की पिंप पिऊन झोपलास?’’ अशा जागा पुष्कळ. पण एका जागेचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. तिथे आम्ही एक दुपार काढली. रात्र काढायची वेळच आली नाही.

एकोणऐंशी सालचा ऑक्टोबर. लग्नाच्या वाढदिवसाला फिरायला नेतो असं मी डोरीनला, म्हणजे माझ्या बायकोला, कबूल केलं होतं. नेलंही. पण गाडीच्या मागच्या सीटवर बुचांची पोती होती.

‘‘बायकोला पोत्यांच्या सोबतीला घेऊन फिरणारा नवरा ह्या राज्यात दुसरा नसेल,’’ ती म्हणाली.

‘‘पोती बोलत नाहीत, म्हणून तुलाही घेतलं.’’

‘‘बोलत असती तर त्यांनीही घटस्फोट मागितला असता.’’

हील्ड्सबर्गला पोचलो तेव्हा हंगाम ऐन भरात होता. रस्त्यावर द्राक्षांच्या ट्रकांची रांग, डांबरावर सांडलेला रस, त्याच्यावर गांधीलमाश्या. मोटेलं झाडून सगळी भरलेली. उन्हाने डोरीनचं डोकं धरलं होतं आणि तिची थट्टा थांबली होती. तिची थट्टा थांबली की मला काळजी वाटते. शेवटी पेट्रोल भरणारा पोऱ्या म्हणाला, ‘‘वरच्या अंगाला झिया झेलिंदाकडे बघा. ती कुणाला परत पाठवत नाही.’’

झिया म्हणजे इटालियनमध्ये मावशी. अख्खं खोरं तिला त्याच नावाने हाक मारी. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. घर दगडी, टेकडीच्या पोटात अर्धं रुतलेलं. वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. त्या सान फ्रान्सिस्कोच्या मंडळींनी घेतल्या होत्या. खाली जुनं तळघर. त्याच्या एका भागात तिचा पुतण्या रेन्झो अजून वाइन करायचा, आणि मधे भिंत घालून दुसऱ्या भागाची पाहुण्यांची खोली केलेली.

‘‘थंडगार आहे,’’ झिया म्हणाली. ‘‘बाई दमलीय तुझी. झोपू दे तिला.’’

खोली खरोखर गार होती. जमिनीला टेकलेला रुंद पलंग, पांढरी चादर, एक खिडकी. खोलीचं एक दार अंगणात उघडायचं, दुसऱ्या दारातून लाकडी जिना वर स्वयंपाकघरात जायचा. दाराशी, गुडघ्याच्याही खाली, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात पांढरी मेणबत्ती.

‘‘ही पेटवून ठेवायची,’’ झियाने बजावलं. ‘‘आणि विझली तर विचार करत बसायचं नाही. उठायचं आणि बाहेर यायचं.’’

‘‘दिवसाउजेडी मेणबत्ती!’’ ती गेल्यावर डोरीन हसली. ‘‘आपल्या वाढदिवसाचं तिला कुणी सांगितलं?’’

मीही हसलो. जुन्या काळी तळघरात उतरताना लोक मेणबत्ती घेऊन उतरत, हे मला ठाऊक होतं. द्राक्षाचा रस फसफसायला लागला की त्यातून एक वायू निघतो. तो दिसत नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो, आणि त्यात ज्योत तगत नाही, तसा माणूसही तगत नाही. पण आता मधे भिंत होती. आता मेणबत्ती म्हणजे पाहुण्यांना दाखवायची गंमत, असं मी धरून चाललो. धंदेवाल्याला दुसऱ्याच्या गोष्टीत नेहमी धंदाच दिसतो.

खिडकीतून गांधीलमाश्या येत होत्या म्हणून डोरीनने ती लावून घेतली. अंगणाच्या दाराला कडी घातली.

‘‘तू जा वर,’’ ती डोळे मिटून म्हणाली. ‘‘तुझे हात शिवशिवतायत. म्हातारीला बुचं विकून ये.’’

भिंतीपलीकडून एक आवाज येत होता. रसाच्या उघड्या टाक्या फसफसत होत्या. पुष्कळ माणसं ओठ न हलवता पुटपुटत असावीत, तसा आवाज. मी क्षणभर ऐकत उभा राहिलो… मग वर गेलो.

झिया पोलेंता ढवळत होती. मक्याचं ते पीठ शिजेस्तोवर हात थांबवायचा नसतो, म्हणून तिची पाठ माझ्याकडे आणि तोंड चुलीकडे. मी टेबलाशी बसलो. तिने न वळताच कॉफी कुठे आहे ते सांगितलं, मी ओतून घेतली, आणि आम्ही गप्पांना लागलो. बाहेर ऊन रटरटत होतं. पान हलत नव्हतं. सान फ्रान्सिस्कोची मंडळी भटकायला गेलेली, रेन्झो आणि गडी मळ्यात. घरात लाकडी पळीचा आवाज, आणि जिन्यातून वर येणारी ती पुटपुट.

‘‘काडी आहे?’’

जिन्याच्या दारात एक माणूस उभा होता. चाळिशीचा असेल, काटकुळा, डोक्यावर घामट टोपी. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हात मनगटापर्यंत जांभळे. हंगामात इथे सगळ्यांचेच हात तसे होतात. त्याच्या हातात विझलेली, पिवळट मेणबत्ती होती. वातीतून धुराची बारीक रेघ निघत होती.

मी काडी ओढली. त्याने मेणबत्ती पुढे केली. ज्योत धरली, तसा तो वळून खाली गेला. ‘थँक्यू’सुद्धा नाही. मनात म्हटलं, दमलाय बिचारा.

मी झियाला बुचांचा भाव सांगत होतो. ती म्हणत होती, ‘‘एवढ्या पैशात तर मी अंगठा धरून बसेन बाटलीवर.’’ मी हसलो आणि मान वर केली, तर तो पुन्हा दारात.

‘‘परत विझली…’’

‘‘वारा आहे का खाली?’’ मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही. त्याचे डोळे माझ्यावर होते. राग नव्हता त्यांत, विनवणीही नव्हती. समोरच्याला एखादी सोपी गोष्ट कळत नसली की आपण बघतो, तसा तो बघत होता. मी दुसरी काडी ओढली. तो गेला. पायऱ्या जुन्या, माझ्या पायाखाली त्या करकरल्या होत्या. त्याच्या पायाखाली एकही करकरली नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

‘‘कुणाशी बोलतोयस?’’ झियाने विचारलं. पळी चालूच.

‘‘तुमच्या गड्याशी.’’

‘‘गडी कुठला आज? सगळे मळ्यात आहेत.’’

‘‘मग हा टोपीवाला…’’

पळी थांबली.

तो तिसऱ्यांदा दारात होता. मी काडी काढली, पण ह्या वेळी त्याने मेणबत्ती पुढे केली नाही. तो टेबलाशी आला, माझी मूठ उघडली, मेणबत्ती तिच्यात ठेवली आणि माझी बोटं मिटवली. त्याचा हात तळघरातल्या दगडासारखा गार होता. मेण मात्र ऊन होतं.

‘‘आता तू…’’ तो म्हणाला.

मग दारात कुणी नव्हतं.

खुर्ची कधी पडली ते मला आठवत नाही. ओढायला काढलेली ती काडी ओढली, मेणबत्ती पेटवली आणि जिना उतरायला लागलो. वरच्या पायऱ्यांवर ज्योत सरळ होती. मधे आल्यावर आखडली. खोलीत शिरून मी हात खाली नेला, गुडघ्याशी… आणि ज्योत गेली. कुणी चिमटीत धरून विझवावी तशी.

पलंग जमिनीलगत होता.

मी श्वास कोंडला. डोरीन कुशीवर होती, तोंड थोडं उघडं, ओठ निळे. हाक मारायची तर श्वास सोडावा लागला असता. मी मेणबत्ती खिशात कोंबली, तिच्या काखांत हात घातले आणि अंगणाच्या दाराकडे ओढत निघालो. बाई वजनाला कधीच हलकी नव्हती, आणि त्या दिवशी तर दगडाची झाली होती. अर्ध्यात माझा दम सुटला. नाकात आंबट झिणझिण्या आल्या. कुबट बूच हेरणारं माझं नाक, त्याला त्या हवेत दुसरं काही कळलं नाही. गुडघे वाकले. भिंतीपलीकडची पुटपुट आता कानाला लागून ऐकू येत होती. दार हातभर लांब होतं. कडी वर होती, आणि माझा हात उचलत नव्हता.

दार उघडलं.

ऊन आत आलं, मागोमाग हवा. मी डोरीनला घेऊन अंजिराच्या झाडाखाली कोसळलो. झिया वरून धावत येऊन तिच्या तोंडावर पाणी मारत होती, इटालियनमध्ये सगळ्या संतांना एकेक करून बोलावत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग डोरीनने खोल, घरघरता श्वास घेतला. दुसरा घेतला. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

‘‘सिल्व्हिओ,’’ ती म्हणाली, ‘‘विकलीस का बुचं?’’

मी आयुष्यात तसा कधी रडलो नव्हतो.

नंतर रेन्झो आला. टाकीची नळी काढायला भिंतीत एक भोक होतं. त्याची लाकडी गुडदी सकाळी काढली ती परत बसवायची राहिली होती. तो पोरगा पांढराफटक पडला. डोरीननेच त्याला जवळ बसवून घेतलं. कोनाड्यातली पांढरी मेणबत्ती तशीच होती, वात कोरी. पेटवलीच नव्हती आम्ही.

‘‘दार तुम्ही उघडलंत ना?’’ मी झियाला विचारलं.

‘‘मी जिन्यात होते. आणि कडी आतून होती, सिल्व्हिओ.’’

वर पोलेंता जळल्याचा वास सुटला होता. तिची पोलेंता जन्मात पहिल्यांदा जळली असावी. ती उठली नाही. मी खिशातून पिवळी मेणबत्ती काढली, तिने ती माझ्या हातातच अंगठ्याने चाचपली.

‘‘अशा आता कुठे मिळत नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ होता. एत्तोरे. दारूबंदी उठल्यानंतरचा पहिला हंगाम. मी नवी नवरी. सगळे खुशीत, सगळे घाईत. तो टाकी बघायला खाली उतरला… आम्हाला सापडला तेव्हा हातात मेणबत्ती होती. पण खिशात काडी नव्हती. कुणाकडे मागायला वर यायचा त्याने कंटाळा केला.’’

मी मेणबत्ती तिला परत द्यायला लागलो. तिने माझी बोटं मिटवली, अगदी तशीच.

‘‘तुला दिलीय त्याने. ठेव.’’

त्या वर्षापासून दर हंगामात आम्ही तिथल्या दफनभूमीत जायचो आणि एत्तोरेच्या दगडावर काडेपेटी ठेवायचो. लोक फुलं ठेवतात. ज्याला जे कमी पडलं ते त्याला द्यावं. पुढे झिया गेली, घर विकलं गेलं. डोरीन आहे. रोज सकाळी माझ्या कॉफीला ती गढूळ पाणी म्हणते, आणि रोज मी मनातल्या मनात त्या टोपीवाल्यापुढे मान झुकवतो. आम्हाला नातवंडं झाली ती त्याच्यामुळे. पिवळं थोटूक माझ्या कोटाच्या खिशात असतं. मी ते पुन्हा कधी पेटवलेलं नाही.

आता यंदाचं सांगतो. मेंडोसिनोच्या बाजूला एका नव्या जागी उतरलो होतो. जुनं वाइनचं कोठार दुरुस्त करून केलेलं, झकास. मालकीण तरुण, हसरी. आम्ही वरची खोली मागितली, तिने लगेच दिली. संध्याकाळी ओसरीत बसलो होतो. हंगामाचा वास, मागे कुठेतरी तीच पुटपुट. डोरीन चीजला नावं ठेवत संपवत होती. मालकीण पेले घेऊन आली.

‘‘आणखी काही लागलं तर सांगा हं. तुमच्याबरोबरच्या त्या गृहस्थांना काड्या दिल्यात मी.’’

डोरीनचा हात थांबला.

‘‘कुठल्या गृहस्थांना?’’ मी विचारलं.

‘‘ते टोपीवाले… हात जांभळे झालेत बघा. दुसऱ्यांदा आले होते आत्ता. म्हणाले, परत विझली.’’

मी खिशात हात घातला. थोटूक जागेवर होतं. मेण ऊन होतं.

‘‘बाई,’’ मी उठत म्हटलं, ‘‘खालच्या खोलीत कोण झोपलंय?’’