पिवळ्या पिशवीची गाठ

रंभाबाईंनी सुटकेस फौजदारांच्या टेबलावर आपटली, तेव्हा चहाचा कप उलटता उलटता राहिला.

"साहेब, माजी भयीन हरवली न्हाय," त्या म्हणाल्या. "तिला टाकलीय."

फौजदार पंढरीनाथ चेऊलकरांनी कप सरळ केला. भाईंदरच्या ठाण्यात त्यांचं चौथं वर्ष चालू होतं आणि माणसांवरचा विश्वास त्यांनी दुसऱ्याच वर्षी सोडला होता. तरी त्यांनी बाईंना बसायला सांगितलं.

हकीगत साधी होती. रंभाबाई जवळच्याच मोरवा गावच्या. त्यांची थोरली बहीण सरूबाई, वय बहात्तर, गुडघ्यांनी अधू, पण डोक्याने शाबूत. सहा महिन्यांपूर्वी मुलगा धर्मेश तिला गावातून उचलून मिरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या नव्या फ्लॅटात घेऊन गेला. डिसेंबरात त्याने आईला दक्षिण दर्शनाच्या सहलीला नेलं. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. नऊ दिवस, महाराष्ट्रीय जेवण, सोबत टूर मॅनेजर. "रामेश्वर झालं का मी मराया मोकली," असं म्हणत सरूबाई अख्ख्या आळीचा निरोप घेऊन गेली होती.

धर्मेश आणि सून भाविका परत आली. सरूबाई आली नाही. कन्याकुमारीला सूर्यास्त बघताना गर्दीत हात सुटला म्हणे. तिथल्या पोलिसांत तक्रार झाली होती, शोध चालू होता. याला अकरा दिवस झाले होते.

"मग टाकली असं का म्हणता?" चेऊलकरांनी विचारलं.

"ही बॅग बगा. काल धर्मेश माज्या दारात ठेवून गेला. बोलला, मावशी, आईचं सामान तुजकडं ठेव, घरात वास येतो." रंभाबाईंचा आवाज फाटला. "अकरा दिवस झाल्यात साहेब. मेलीय का जगतेय ठाव न्हाय, न याला सामानाचा वास येतो?"

चेऊलकरांना एकदम शिसारी आली. चोर, मारामाऱ्या करणारे, दारूडे, सगळे त्यांना चालत. हे असलं चालत नसे. त्यांनी सुटकेस उघडली.

आत फारसं काही नव्हतं. मिश्रीची डबी, गुडघ्याला लावायचं तेल, सुती जांभळं लुगडं. आणि एक पिवळी प्लास्टिकची पिशवी, तोंडाला दुहेरी गाठ मारलेली. गाठ इतकी घट्ट की चेऊलकरांना नखाने सुटेना. शेवटी त्यांनी पिशवी उजेडात धरून पाहिली. आत निळं लुगडं आणि चोळी, कडक घडी घातलेली.

पिशवी त्यांनी तशीच, गाठ न सोडता ठेवून दिली.

दुपारी ते काशीमीऱ्याला गेले. सहल कंपनीचा टूर मॅनेजर कौस्तुभ तिथे हायवेवर गोव्याची बस भरत होता. तिशीचा पोरगा, गळ्यात शिट्टी, हातात यादी. पोलीस बघून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा वाकडं झालं, पण बस सुटायला दहा मिनिटं होती आणि त्याला थांबता येत नव्हतं.

"एक नंबर?" तो बसच्या दारातून ओरडला.

"हजर!"

"दोन नंबर?"

"हजर!"

चेऊलकर खिडकीपाशी उभे होते. चार नंबर विचारल्यावर एक बाई मोठ्यांदा हजर म्हणाली. तिचा नवरा तेव्हा रस्त्यापलीकडे पानवाल्याकडे चुना कमी लाव म्हणून सांगत होता. दोन मिनिटांनी तो आला, चढला. बस वेळेवर सुटली आणि कौस्तुभने घाम पुसला.

"डोकी मोजत नाही?" चेऊलकरांनी विचारलं.

"सर, फॅमिलीला नंबर असतो. फॅमिलीतल्या एकाने हजर म्हटलं की झालं. पंचेचाळीस माणसं एकेक करून मोजत बसलो तर सूर्यास्त कन्याकुमारीऐवजी मदुराईलाच बघावा लागेल."

"धर्मेशचा नंबर?"

"सात. फार सज्जन माणूस, सर. आमच्याकडे सीट रोज बदलतात, आज पुढे बसलात तर उद्या मागे, म्हणजे कुरबूर नको. रामेश्वरहून निघालो त्या दिवशी सात नंबरची पहिली रांग होती. साहेबांनी ती आपण होऊन बारा नंबरच्या म्हाताऱ्या जोडप्याला दिली, आणि स्वतः आईला घेऊन शेवटच्या रांगेत गेले. सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. मुलगा असावा तर असा."

"आईला शेवटच्या रांगेत पाहिलंत तुम्ही?"

कौस्तुभ यादी उलटून सांगू लागला. रामेश्वरचा दिवस म्हणजे धावपळ, सकाळी देवळातल्या बावीस कुंडांची अंघोळ, ओले कपडे, हरवलेल्या चपला. तो पुढे ड्रायव्हरशेजारी होता. पाहिलं असं नाही, पण त्या तिथेच होत्या. धर्मेशच म्हणाला होता की आई मागे झोपलीय.

चेऊलकरांनी रामेश्वरचा सगळा क्रम विचारून घेतला. सकाळी सहाला देवळापुढे ग्रूप फोटो. मग कुंडं. प्रत्येक कुंडावर बादलीने पाणी डोक्यावर ओततात, माणूस नखशिखांत भिजतो. मग बाहेरच्या ओवरीत कोरडे कपडे नेसायचे, कारण ओल्या कपड्यांनी गाभाऱ्यापाशी सोडत नाहीत. मग दर्शन, नाश्ता, आणि साडेनऊला बस. कन्याकुमारी सात तासांवर.

ग्रूप फोटो कौस्तुभकडे होता. दुसऱ्या रांगेत सरूबाई, हिरव्या लुगड्यात, लग्नाला आल्यासारखी हसत. शेजारी धर्मेश, आईच्या खांद्यावर हात. त्याच्या दुसऱ्या हातात पिवळी पिशवी.

"कन्याकुमारीच्या तक्रारीची नक्कल आहे?"

तीही होती. 'अंगावर हिरवे लुगडे, हिरवी चोळी,' धर्मेशने लिहून दिलं होतं. चेऊलकरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि ते रस्त्याच्या कडेला थुंकले. पोलिसाने असं करू नये, पण त्यांना राहवलं नाही.

सिल्व्हर पार्कमधला फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. संगमरवरी फरशी, काचेचं टीपॉय, सोफ्यावर अजून प्लास्टिक. धर्मेश चाळिशीचा, गोरटेला. चेऊलकरांना पाहून त्याचे डोळे लगेच भरून आले. तो छान रडला. आईने कसं वाढवलं, मिठागरात मीठ ओढून तिच्या तळपायांना कसे फोड यायचे, सगळं सांगितलं. मधेच उठून त्याने बशी पुढे केली.

"केळ्याचे वेफर्स, साहेब. तिकडचे. सगळ्या बिल्डिंगला वाटले."

चेऊलकर बशीकडे बघत राहिले. आई हरवून आलेला माणूस बिल्डिंगला वेफर्स वाटतो. त्यांनी बशी सरकवली आणि भाविकाशी वेगळं बोलायचंय म्हणून सांगितलं.

भाविका स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. तिने गोड बोलण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"माझं आणि सासूबाईंचं पटत नव्हतं. लपवून काय करू? गॅलरीत बोंबील वाळत घालायच्या. आख्खा मजला शाकाहारी. लिफ्टमध्ये लोक नाक दाबायचे. मी रोज भांडायचे त्यांच्याशी, तोंडावर भांडायचे."

"रामेश्वरला देवळात तुम्ही होतात?"

ती थोडी अडखळली. "मला अडचण होती. मी लॉजवरच थांबले. सकाळी त्यांचं निळं लुगडं नि चोळी पिशवीत घालून दिली, अंघोळीनंतर नेसायला. माझी गाठ म्हणजे सुटत नाही, पाणी शिरू नये म्हणून दुहेरी मारते. पिशवी ह्यांच्या हातात दिली."

"मग सासूबाईंना परत कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही. बस लॉजवर आली, मी चढून मागे बसले. हे म्हणाले, आईचे गुडघे आखडलेत, ती पुढे त्या काकाकाकूंजवळ बसलीय. कन्याकुमारीला पोचलो तेव्हा पोट दुखत होतं, सरळ रूमवर गेले. संध्याकाळी हे रडत आले."

ती खरं बोलत होती. चिडकी माणसं बहुधा खरं बोलतात, त्यांना खोटं बोलायचा कंटाळा असतो.

खाली येऊन त्यांनी कौस्तुभला फोन लावला. रामेश्वरला त्यांच्या यात्रेकरूंचे विधी करणारे गुरुजी कोण? नंबर मिळाला. आत्मारामशास्त्री. तिथल्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या मराठी पुजारी आहेत, हे चेऊलकरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फोन लागला, बोलणं झालं. मग त्यांनी रंभाबाईंना आणायला शिपाई धाडला.

तासाभराने सगळे परत त्याच सोफ्यावर बसले होते. रंभाबाई खाली फरशीवर बसल्या. प्लास्टिकवर बसायला त्यांनी साफ नकार दिला. चेऊलकरांनी पिवळी पिशवी काचेच्या टीपॉयवर ठेवली.

"भाविकाताई, ही गाठ कुणाची?"

"माझी." तिने पिशवी उचलून पाहिली. "पण ही सोडलीच नाहीये कुणी."

"हां. हेच." चेऊलकर धर्मेशकडे वळले. "तुम्ही लिहून दिलंत, कन्याकुमारीला संध्याकाळी आईच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. हिरवं लुगडं सकाळी रामेश्वरला होतं. फोटो आहे. त्यावर बावीस कुंडांचं पाणी पडलं. ओल्या लुगड्यात ना दर्शन होतं, ना सात तास बसमध्ये बसता येतं. कोरडं निळं लुगडं ह्या पिशवीत, आणि पिशवी तुमच्या हातात. आईने ते नेसलंच नाही. म्हणजे कुंडांनंतर आणि कपडे बदलायच्या आधी तुमची आई तुमच्यापासून तुटली. कन्याकुमारीला ती आलीच नाही."

"साहेब, मी गडबडीत लिहिलं असेल..."

"थांबा. बसमध्ये पंचेचाळीस माणसं. पुढच्यांना वाटलं म्हातारी मागे आहे. मागे बसलेल्या तुमच्या बायकोला वाटलं ती पुढे आहे. दोघांना दोन गोष्टी सांगणारं तोंड एकच होतं. पहिली रांग दुसऱ्याला दिलीत ती ह्यासाठी. पुढे बसला असतात तर कौस्तुभला रिकामी सीट दिसली असती. त्यावर टाळ्यासुद्धा घेतल्यात. मग कौस्तुभने सात नंबर पुकारला आणि तुम्ही हजर म्हणालात."

भाविकाच्या हातातून पिशवी टीपॉयवर पडली.

"तक्रार तीनशे किलोमीटर पुढे जाऊन केलीत," चेऊलकर म्हणाले. "म्हणजे पोलीस एका गावात शोधणार आणि आई दुसऱ्या गावात बसणार. तिला ह्या घराचा फोन पाठ नाही, पत्ता विचारला तर मोरवा सांगते. हिशेब चोख होता तुमचा. फक्त पिशवी उघडायची राहिली. आईच्या लुगड्याला हात लावायची किळस वाटली असेल, नाही का?"

धर्मेश रडला नाही. आता त्याची गरज नव्हती. तो अगदी शांतपणे बोलला, आणि तेच ऐकवेना.

"सोसायटीची नोटीस आली होती, साहेब. वासाबद्दल. मावशीकडे ठेवली असती तर गावाने तोंडात शेण घातलं असतं, की आईला सांभाळता येत नाही. देवाच्या दारात ठेवली. तिथे अन्नछत्र असतं. मेली असती तरी पुण्यच."

"तू बोंबलावर वाढलास रे मेल्या," रंभाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "सुकी मासली इकून तिनं तुला शिकवला."

आईला टाकून येण्यासाठी कायद्यात जेमतेम तीन महिन्यांचं कलम होतं. पोलिसांना खोटी खबर दिल्याबद्दल आणखी एक. एवढ्याच्या जोरावर हा प्राणी महिनाभर वकील घेऊन हिंडेल आणि मग लिफ्टमध्ये ताठ मानेने उभा राहील. त्यांनी टीपॉयवरचा फोन ओढला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला.

आत्मारामशास्त्री तिकडे वाटच बघत होते. आजी आमच्या नजरेसमोर आहेत, ते म्हणाले. जेवण देतो, घोंगडी दिली, बायकोचं पातळ दिलं, ते नेसायला तयार नाहीत. ओलं अंगावरच वाळवलं. आम्ही इथल्या चौकीत सांगितलं, पण इथे कुणाची तक्रारच नव्हती. कुणाला कळवू विचारलं तर म्हणतात, कशाला, मुलगा येतोच आहे. रात्री ओसरीवर येऊन निजतात, पहाटे परत त्याच दारात जाऊन बसतात. घ्या, बोला.

थोडी खरखर झाली.

"सरू," रंभाबाई फोनवर वाकल्या. "मी रंभा."

"रंभे? तू कुठनं?" आवाज बारीक होता पण स्पष्ट. "धर्मेश हाय का तिथं? त्याला सांग, मी दारातशी हाललेली न्हाय. तो बोलला, आई हितंच बस, मी कोरडं लुगडं घेऊन आलो. गर्दी लय हाय गो इथं. त्याला दार सापरत नसंल. सांग त्याला, दार तेच हाय."

धर्मेश फरशीकडे बघत होता. भाविकाने खाली वाकून टीपॉयवरची पिशवी उचलली आणि छातीशी धरली.

"गाडी किती वाजताची आहे?" तिने चेऊलकरांना विचारलं.

"सकाळी. मी आणि रंभाबाई जातोय."

"मी येतेय," ती म्हणाली. "गाठ माझी आहे. ती मीच सोडीन."