सात नंबरच्या खाटेचा मॉनिटर

तक्रार साधीच होती. वॉर्डमधल्या सात नंबरच्या खाटेचा मॉनिटर पेशंटच्या बोटाची क्लिप काढली तरी ठोके दाखवत राहायचा. प्रोग्रामर दुपारीच लॅपटॉप घेऊन आली. मॉनिटरचं मॉड्यूल तिनेच लिहिलेलं होतं, आणि त्या खाटेवर तिचा धाकटा भाऊ होता. ऑपरेशननंतर आज तो पहिल्यांदाच उठून बसला होता. तिला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

चूक चटकन सापडली. मॉड्यूल म्हणजे बोटावरचे ठोके पडद्यापर्यंत पोचवणारा कोडचा तुकडा. तो तयार होताना मॉनिटरच्या कर्नलला, म्हणजे आतल्या मूळ प्रोग्रामला, फक्त व्हर्जनचा नंबर विचारायचा. नंबर जुना निघाला, की ठोके जुन्या जागेवरून उचलायचा. पण कंपनीने नंबर तोच ठेवून आतली सगळी मांडणी बदलली होती. जुन्या जागेत पडून राहिलेले जुनेच ठोके पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत होते.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," ती नर्सला म्हणाली. "आता नंबर विचारायचाच नाही. आत खरंच काय आहे, ते तपासायचं."

तिने नवं मॉड्यूल बसवलं आणि मॉनिटर केकाटायला लागला. पडद्यावर सरळ रेघ होती.

नर्सने आवाज बंद केला. प्रोग्रामरने क्लिप स्वतःच्या बोटाला लावली. ठोके लगेच उमटले, जरा भरभरच. पुन्हा भावाच्या बोटाला लावली... सरळ रेघ.

"बोट गार असलं की घेत नाही कधीकधी," नर्स म्हणाली आणि शेजारच्या खाटेकडे गेली.

भाऊ बिस्कीट खात होता. वॉर्डमध्ये फिनेलचा वास होता, पंखा घरघरत होता. तो तिच्याकडे झुकला.

"ताई... जुनंच परत टाक ना."

"का रे?"

"कालपर्यंत बरं चाललं होतं..."

घरी आई त्याची खोली झाडून वाट बघत बसली होती. तिने जुनं मॉड्यूल परत टाकलं. ठोके आले, एकसारखे, छान. संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि उद्या घरी न्या म्हणाले.

आता घरात सगळे म्हणतात, पोरगा अगदी पहिल्यासारखा झाला. तीही मान डोलावते. रोज जेवताना तो तिच्या शेजारीच बसतो, पण तिने त्याचं मनगट अजून धरून पाहिलेलं नाही.

आणि ती ताट पुढे सरकवते तेव्हा तोही आपला हात अलगद मागे घेतो.